मान हलवण्याचं काम

आमच्या वकिली ऑफिसात बोललेलं आपोआप टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं ते माझ्या हट्टामुळे. त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल तक्रार करायला मला तोंडच राहिलं नाही.

हट्टाचं कारण मुंगी. माझी मुलगी, दोन वर्षांची. तिचं पाळणाघर साडेसहाला बंद होतं. आमचे सर कोर्टातून येतात पाचला, चहा पितात, बूट काढतात आणि मग कुठे त्यांना मजकूर सुचायला लागतो. नोटिसा, दावे, प्रतिज्ञापत्रं, सगळं तेव्हाच. पूर्वी ते टायपिस्टकाका टाइप करायचे. काका निवृत्त झाले आणि ते काम तात्पुरतं माझ्या गळ्यात पडलं. मी वकील आहे. पण बाळंतपणाची रजा संपवून आलेल्या बाईला वकिलीचं काम देताना लोक 'झेपेल ना' असं विचारतात. टायपिंग देताना कोणी काही विचारत नाही.

म्हणून मी चौकशी केली आणि सरांच्या मागे लागले. तुम्ही बोलायचं, ते टाइप करणार, मी सकाळी येऊन तपासणार. सर म्हणाले, बघू. सरांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा असतो, पण या वेळी त्यांनी खरंच बघितलं.

सॉफ्टवेअर आलं आणि नवा जावई मुक्कामाला आल्यासारखी सगळ्यांची धांदल उडाली. त्याला पंख्याचा आवाज चालेना, पंखा बंद. रस्त्याचा आवाज चालेना, खिडकी बंद. शिपायाने चहाचा कप टेबलावर आपटायचा नाही, बाजूच्या स्टुलावर ठेवायचा. सुरुवातीचे दिवस सर त्याच्यापुढे बसून उतारेच्या उतारे वाचत होते, त्याला आवाजाची सवय व्हावी म्हणून. घरी बायकोशी वर्षभरात एवढं बोलले नसतील, असं शिपाई म्हणाला.

आणि ते शिकलं. चांगलं शिकलं. अडचण भलतीच निघाली. सरांना एकट्याला बोलताच येईना.

समोर न्यायाधीश बसलेत अशा थाटात सर मजकूर सांगतात. एक वाक्य टाकायचं, समोरच्याचं तोंड बघायचं, मान हलली की पुढचं टाकायचं. इतकी वर्षं समोर टायपिस्टकाका होते. काकांची मान टायपिंगच्या तालावर आपोआप हलायची. सर काय सांगतायत ते आपण ऐकतही नव्हतो, असं त्यांनी जाताना मला हळूच सांगितलं होतं. सरांची निम्मी वकिली त्या मानेवर उभी होती आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. आता वाक्य बोललं की ते पडद्यावर उमटायचं, सर ते वाचायचे, त्यांना ते पटायचं नाही, मग ते स्वतःशीच वाद घालायचे आणि तो वादही टाइप व्हायचा. शेवटी त्यांनी मला हाक मारली.

"तू नुसती समोर बस," ते म्हणाले. "काही करू नकोस. मान हलव."

म्हणजे आधी मी निदान टाइप तरी करत होते. आता सनद घेतलेली बाई रोज संध्याकाळी एका खुर्चीत बसून मान हलवत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की झोपलेली मुंगी उठली. त्याची कामाची पाळी संध्याकाळची, त्यामुळे मुंगीला आणायला तो जाऊ शकत नाही. सासूबाई दूर असतात. त्या फोनवरून सल्ला देतात, फोनवरून मूल घेता येत नाही.

पाळणाघराच्या ताई माझ्या उशिरावर सुरुवातीला हसायच्या, मग नुसत्या बघायला लागल्या. परवा त्यांनी स्पष्टच सांगितलं. यापुढे एकदा जरी साडेसहा टळले तर मुंगीची जागा दुसऱ्या मुलाला. जागेसाठी थांबलेले आईबाप बरेच आहेत, आणि तेसुद्धा वेळेवर येणारे.

त्या दिवशी मुलाच्या ताब्याचं प्रकरण होतं. नवराबायकोचं फाटलेलं, आम्ही नवऱ्याच्या बाजूने. त्याचं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडताच दाखल करायचं होतं, म्हणून तो सही करायला येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. मी पर्स मांडीवर घेऊनच सरांसमोर बसले, उठताना शोधायला नको म्हणून.

सुरुवातीचे परिच्छेद धडाधड झाले. लग्न कधी झालं, मूल कधी झालं, वेगळे कधी राहायला लागले. मी मान हलवत होते, शब्द उमटत होते. पावणेसहाही झाले नव्हते. आज जमतंय, असं वाटायला लागलं.

मग सर म्हणाले, "सदर आई नोकरीनिमित्त रोज संध्याकाळी सातपर्यंत घराबाहेर असते व मूल दिवसभर परक्यांच्या हाती असते." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझी मान हलली नाही. मी ठरवून काही केलं नव्हतं. हलवायला गेले, पण उसण भरल्यासारखी ती जागच्या जागी अडकली.

सरांनी वाक्य बदललं. परक्यांच्या ऐवजी पगारी माणसांच्या. बघितलं. मग मूल मातृसुखाला पारखं झाल्याचं आणलं. बघितलं. मग आईची नोकरी गरजेची नसून हौसेची आहे, असं आलं. प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा कडक, कारण मुद्दा कमी पडतोय असं सरांना वाटत होतं. कोर्टात न्यायाधीशांचा चेहरा मख्ख राहिला की ते असेच चढत जातात. पडद्यावर त्या एका परिच्छेदाचे एकाखाली एक नमुने जमत गेले आणि दर नमुन्यात त्या बाईचं आणखी वाटोळं होत गेलं.

सहा वाजून गेले. मला सगळं कळत होतं. एकदा मान हलवायची, संपलं. ते वाक्य माझ्याबद्दल नव्हतं. त्या बाईला मी पाहिलेलंही नव्हतं. खरंच निष्काळजी असेलही. इतके दिवस भाडेकरूंविरुद्ध, सख्ख्या भावांविरुद्ध, कोणाकोणाविरुद्ध मी मान हलवली होती, तेव्हा माझं काही अडलं नव्हतं. हलवली तर साडेसहाला मी मुंगीपाशी. नाही हलवली तर सातपर्यंत इथेच, घराबाहेर, अगदी त्या वाक्यात लिहिल्याबरहुकूम.

"काय चुकतंय?" सरांनी विचारलं. "तुझ्या तोंडावर दिसतंय, काहीतरी चुकतंय."

"सर, मी पण रोज सातलाच घरी पोचते."

माइक आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि चालू होता. त्याला काय, बोलणारा कोणीही असो. आम्ही दोघांनीही पडद्याकडे पाहिलं. नवऱ्याने शपथेवर सांगायच्या मजकुरात सरांचा प्रश्न उमटला होता आणि त्याच्याखाली माझं उत्तर, पूर्णविरामासकट.

सरांनी ते वाचलं. ते वाईट माणूस नाहीत. रजा लांबली तेव्हा माझी खुर्ची दुसऱ्या कोणाला न देणारे तेच. त्यांनी हात लांब करून माइक बंद केला.

"हे आपल्या अशिलाचं प्रतिज्ञापत्र आहे," ते म्हणाले. "तुझं नाही."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय? मग माझ्याकडे बघून का सांगताय? अशील बाहेर बसलेत. शपथ त्यांना घ्यायची आहे, मानही त्यांनाच हलवू द्या."

हे मी अंमळ मोठ्यानेच बोलले असणार, कारण शिपायाने दार किलकिलं करून आत बघितलं. सर त्याला म्हणाले, बोलव त्यांना. एवढंच. ते रागावलेत की त्यांना पटलंय, काही कळलं नाही, आणि थांबून विचारायला मला वेळ नव्हता.

अशील माझ्या खुर्चीत बसला. सरांनी माइक सुरू केला आणि सगळ्यात पहिला, त्यातल्या त्यात मवाळ नमुना त्याला वाचून दाखवला. मी पर्स खांद्याला लावत दारात रेंगाळले. का कोण जाणे, मला वाटलं तो अडखळेल. निदान विचारेल तरी, परक्यांच्या म्हणजे कोणाच्या. त्याने मान हलवली. नुसती हलवली नाही, चांगली डोलावली आणि म्हणाला, अजून थोडं कडक करा साहेब. माझ्यापाशी इतका वेळ अडलेलं वाक्य एका दमात पार झालं. मी जिना उतरेपर्यंत वर पुढचा परिच्छेद सुरू झाला होता.

बसचा भरवसा नव्हता, म्हणून मी चालत निघाले, आणि कोपऱ्यावरून पळायलाच लागले. लोक बाजूला होत होते. घाटातल्या गाडीसारखा दम लागला तेव्हा पाळणाघराचं दार दिसलं. ताई उंबऱ्यात किल्ली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बाजूला होऊन मला आत सोडलं. म्हणजे मी वेळेत होते.

मुंगी फरशीवर बसून रिकाम्या डब्यांचा मनोरा रचत होती. सांभाळणाऱ्या मावशी तिला एकेक झाकण देत होत्या. मी हाक मारली. तिने वर पाहिलं, ओळख दाखवली आणि परत कामाला लागली. मी हात पुढे केले.

"नाई," ती म्हणाली. "अजून."

मी उचललं तशी ती काठीसारखी ताठ झाली, मावशींची बाही धरून बसली आणि असा सूर लावला की मी तिला मुकाट खाली ठेवलं. सरांना उलट बोलून, नोकरी टांगणीला लावून मी पळत आले होते, ते हिला कोणत्या भाषेत सांगणार? तिथल्या बुटक्या खुर्चीत बसले तर गुडघे हनुवटीला लागले. मावशींनी एक झाकण माझ्याही हातात दिलं. पर्समध्ये फोन वाजायला लागला. सरांचाच असणार. मी तो वाजू दिला.

"आटपा की हो आता," ताई दारातून म्हणाल्या. "माझाही मुलगा घरी वाट बघत असतो."