पीठ आणि टोपली

बाबा देव मानत नव्हते, पण आईच्या प्रत्येक चतुर्थीला आमच्या मोर्शीच्या मळ्यातली फुलं तेच तोडून आणत. "माझ्यामागं कोणताही विधी करू नको," असं त्यांनी मला अमरावतीच्या दवाखान्यात सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

अंत्यसंस्कार करून सगळे परतले. घरात बाबांना जिथं ठेवलं होतं, तिथं आईनं जमिनीवर पीठ पसरलं, दिवा लावला आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला माणूस गेला, असं आमच्याकडे मानतात.

"आई, बाबांनी नको म्हटलं होतं."

"त्यायनं मले कधी एका उपासाले अडवलं नाई. तू अडवशीन का?"

"बापाचीच पोरगी हाय," मावशी म्हणाली. "हे तर रडतानाबी वाद घालते."

आई हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. मी टोपली तशीच राहू दिली.

सकाळी टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. मावशीला मात्र त्यात पाखराचा पाय दिसला. आईनं वाकून पाहिलं, पण मोतीबिंदूमुळे तिला काही कळेना.

"आरती, तू शिकेल आहे. सांग बरं, पाखरूच हाय ना?"

बाबांना खोटं बोललेलं खपत नसे. आईचं मन मोडलेलंही खपत नसे. मी गुडघे टेकून पिठावर वाकले आणि नुसती पाहत राहिले. आईचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि ती उत्तराची वाट पाहत होती.