ठोकून घेतलेला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि मला एका बाईने चक्क ठोकून, पारखून विकत घेतलं होतं. आमच्या कुळात असा मान आणखी कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. म्हणून म्हटलं, बिजागऱ्या शाबूत आहेत तोवर सगळं सांगून टाकावं.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. डोक्याला टोप्या घातलेल्या माणसांनी माझा एकेक अवयव बसवला आणि मग माझा छळ मांडला. मला टेबलावरून पाडलं, धुळीच्या पेटीत कोंडलं, माझं झाकण हजारो वेळा उघडलं आणि मिटलं. मी टिकलो. एवढं सोसल्यावर आपलं काही कौतुक होईल असं वाटलं होतं, पण कसलं काय! दुकानात मला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं. वरच्या फळीवर माझी चुलत भावंडं होती. कुणी पुठ्ठ्यासारखं पातळ, तर कुणाच्या कळांखाली रंगीत दिवे. गिऱ्हाइकं तिथेच घोळका करायची. मला कुणी उचललंच तर 'बापरे, केवढा जाड!' म्हणून परत ठेवायची. चार महिने मी त्या फळीवर धूळ खाल्ली, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटायचं.

मग ती आली. उन्हाने रापलेला चेहरा, मातीने भरलेले बूट आणि खांद्याला अवजारांची पिशवी. पुलांची तपासणी हे तिचं काम. छोट्या हातोडीने ती काँक्रीट ठोकायची आणि कान लावून ऐकायची. भरीव असेल तर 'ठण्' वाजतं, आतून सुटलेलं असेल तर 'ढब'. कामावरचे लोक तिला हातोडीबाई म्हणायचे. मीही तेच म्हणतो.

तिने दुकानदाराला विचारलं, हा पडला तर चालेल का, धुळीत टिकेल का, उन्हात पडदा दिसेल का, शिडीवर चढताना पाठीला जड होईल का. दुकानदार प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होता. शेवटी तिने विचारलं, "आणि गेम झेपतील का? मोठे, ट्रकबिक चालवायचे?"

दुकानदार हसला. मुलगा कितवीत आहे, असं त्याने कौतुकाने विचारलं. ती म्हणाली, मुलगा नाही, आई आहे, सहासष्ट वर्षांची. बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिने समजावलं, की पुलाचे हजार-दीड हजार फोटो जोडून त्याचा आकार पडद्यावर उभा करायचा, आणि त्यालाही गेमइतकीच ताकद लागते. एका दगडात दोन पक्षी.

आणि मग तिने ते केलं. वाकून माझ्या झाकणाला कान लावला आणि बोटाच्या पेराने चारही कोपऱ्यांवर ठोकलं. वरच्या फळीवरच्या भावंडांनाही ठोकलं. दुकानदार धावत आला आणि म्हणाला, "अहो बाई, कलिंगड नाहीये ते!" तिने जीभ चावली. सवयीने हात गेला, म्हणाली. पण माझ्यावर हात ठेवून तिने सांगितलं, "हा द्या. भरीव आहे."

भरीव! त्या एका शब्दाने माझे चार महिने भरून निघाले.

तिच्या घरी दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीपाशी एक टेबल. घरात आई आणि बाबा. आई पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. शेकडो तारा खुपसून लोकांना लोकांशी जोडून द्यायची. बोटं अजून वाऱ्यासारखी चालायची. ती माझ्यावर अठरा चाकी ट्रक असा हाणायची, की माझे पंखे भिरभिरायचे. पहिल्या आठवड्यात तिने मला उशीवर ठेवून खेळायला घेतलं आणि माझा जीव घुसमटला. मी तापलो आणि मधेच बंद पडलो. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या चारही कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं ठेवली. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

बाबा मात्र वेगळेच. तेही पूल तपासणारे. चाळीस वर्षं हातोडी चालवली, मुलीलाही त्यांनीच शिकवलं. त्यांचा कान म्हणजे तोळामासा कळणारा सोनाराचा काटा, असं लोक म्हणायचे. आणि नेमका तोच कान गेला. दोन्ही गेले. कानातलं यंत्र नुसतं शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी खणात टाकलं. समोरच्याचे ओठ वाचून कामापुरतं बोलायचे. एरवी खिडकीशी बसून असायचे. ज्या माणसाचं सगळं कसब कानात होतं, त्याने कान गेल्यावर करायचं तरी काय? मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

आईने त्यांना आपल्या ट्रकवर क्लीनर म्हणून ठेवलं. ते शेजारी बसायचे आणि कळांच्या डावीकडे, माझ्या स्पीकरवर तळवा टेकवायचे. ट्रकच्या इंजिनाची धडधड त्यांना हाताला लागायची. "अगं, गियर बदल, इंजिन रडतंय," असं ते बरोबर वेळेवर सांगायचे. मी थक्क व्हायचो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना माझं रडणं कळत होतं! एकच खोड होती. गेममध्ये पूल आला की ते ट्रक थांबवायला लावायचे. आधी खालून बघू, म्हणायचे. आई कपाळावर हात मारून घ्यायची, पण थांबायची. त्या दोघांनी एकही शर्यत कधी जिंकली नाही.

अशी तीन वर्षं गेली. मी हातोडीबाईच्या पाठीवरून किती तरी पूल पाहिले. दोनदा पडलो, एकदा चिखलात. मला हळूहळू गर्व चढला. मी उभा केलेल्या चित्रात पुलाचा खिळान् खिळा दिसायचा. हातोडीची गरजच काय, असं मला वाटायला लागलं होतं.

मग तो नदीवरचा पूल आला. पन्नास वर्षांचा, दुरुस्तीसाठी सहा महिने बंद. सोमवारी सकाळी अकराला तो उघडायचा होता. पलीकडच्या कारखान्यांत जाणाऱ्या बसगाड्या त्यावरून सुटणार होत्या, माणसांनी खच्चून भरलेल्या. त्याआधी तपासणीच्या कागदावर हातोडीबाईची सही लागणार होती. रविवारी दुपारी तिने माझ्यावर पूल उभा केला, सगळं नीट आहे असं लिहिलं आणि आईला म्हणाली, बाबांना जरा फिरवून आण ना.

बाबांचे गुडघे शिडी चढण्यापलीकडे गेले होते. आईने गेममधला ट्रक हाकायची कळपेटी हातात घेतली आणि बाबांना पडद्यावरच्या पुलाखाली नेलं. खांब, तुळया, सांधे. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "वर घे... अजून वर. थांब." तिसऱ्या खांबाचा माथा, जिथे तुळई टेकते, तो कोपरा पडद्यावर होता. मला तर तो सगळ्यात सुरेख वाटत होता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग मुलीकडे वळले.

"हा कोपरा फारच देखणा आहे, पोरी. पन्नास वर्षांच्या अंगावर एवढी गुळगुळीत कातडी? इथे ठोकलंस?"

ती ओठ नीट हलवत म्हणाली, "शिडी पोचली नाही, बाबा. फोटो स्वच्छ आला, म्हणून पुढे गेले."

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मित्रांनो, तिला फसवणारं चित्र माझं होतं. माझा गर्व त्या दुपारीच उतरला.

सोमवारी सकाळी मला घरी ठेवून ती गेली. तिने माणूस वर उचलणारी पाळण्याची गाडी मागवली आणि पाळण्यात उभी राहून फोनवरून आम्हाला व्हिडिओ कॉल लावला. दहा वाजून गेले होते. दोन्ही टोकांना बसगाड्या भोंगे वाजवत होत्या, जनरेटर धडधडत होता. तिने तो कोपरा ठोकला. काहीतरी वेगळं वाजलं, पण खात्री होईना. खालून मोठे साहेब ओरडत होते, की तो जनरेटरचा आवाज आहे, बाई, सही करा आणि खाली या. ती फोनला म्हणाली, "बाबांना विचार, आई. मला दुसरा कान हवाय."

दुसरा कान! आणि तो कुणाचा, तर ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांचा. आईने निरोप ओठांनी सांगितला. बाबांनी तळवा माझ्या स्पीकरवर टेकवला. तिकडे तिने फोन काँक्रीटला भिडवून हातोडी मारली. बाबांनी मान हलवली. काहीच लागत नव्हतं. परत मारली. काहीच नाही. त्यांचा चेहरा उतरला. हात मागे घेताना ते पुटपुटले, "गेलं. हेही गेलं."

आता माझी कबुली. बोलण्याखेरीज जे काही वाजेल ते कचरा समजून झाडून टाकायचं, असं आम्हा यंत्रांना शिकवलेलं असतं. हातोडीचा प्रत्येक ठोका तो फोन आणि मी मिळून पुसून टाकत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे?

आईने ओळखलं. उभा जन्म तारांमध्ये काढलेली बाई ती. गेममधल्या ट्रकवाल्या मैत्रिणींशी बोलताना इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू जावा म्हणून तिने एकदा आवाज झाडून टाकायची हीच कळ बंद केली होती. "अहो, हात काढू नका," असं म्हणत तिने माझी ती सफाई बंद केली आणि लेकीलाही फोनवर तेच करायला लावलं. बाबांचा तळवा तिने स्वतः धरून परत माझ्यावर ठेवला.

पहिला ठोका बाजूच्या चांगल्या भागावर पडला. ठण्. दुसरा, ठण्. तिसरा त्या देखण्या कोपऱ्यावर.

ढब.

माझ्या छातीतून तो ठोका गेला आणि बाबांच्या हातात उतरला. डोळे मिटून ते म्हणाले, "पोकळ आहे. पुरता पोकळ. सही करू नकोस, पोरी."

तिने सही केली नाही. मोठे साहेब फार संतापले, पण तो कोपरा फोडावाच लागला. दुरुस्तीत वरवर फासलेल्या गिलाव्याचा पापुद्रा निघाला आणि आत माणसाचा हात कोपरापर्यंत जाईल एवढी पोकळी निघाली, गंजलेल्या सळयांसकट. बसगाड्या आल्या वाटेने परत गेल्या. पूल आणखी दोन महिने बंद राहिला. त्या संध्याकाळी हातोडीबाई घरी आली, बाबांचा तो तळवा तिने आपल्या गालाला लावला आणि ढसाढसा रडली. मी एवढे पूल पाहिले, पण त्या हातासारखं नवल मी कुठे पाहिलं नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझी बॅटरी एकदा फुगली, ती बदलली. नवे गेम मला झेपत नाहीत. परवा घरात नवा लॅपटॉप आला, आणि मला वाटलं, चला, आता आपली रवानगी खणात. पण बाबा उठले. आता पुरते थकलेत ते. त्यांनी माझ्या झाकणावर एका हाताने ठोकलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा टेकवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

मित्रांनो, आम्हाला उशीवर ठेवू नका, आमचे पंखे झाकू नका, एवढं माझं मागणं आहेच. पण कुणालाही, यंत्राला काय नि माणसाला काय, जुना झाला म्हणून खणात टाकण्याआधी एकदा ठोकून, हात लावून बघा.

बाबांनी मला उचलून परत टेबलावर ठेवलं, चार झाकणांवर, खिडकीपाशी. "राहू दे इथेच," ते म्हणाले. "भरीव आहे अजून."