दोन्ही हात

सुचित्रानं गौतमच्या शर्टाचं राहिलेलं बटण लावलं आणि जिन्यापाशीच त्याला पुन्हा बजावलं, "आत काही उचलायचं नाही. मनवाला तर मुळीच नाही. उजव्या हातानंसुद्धा."

"उजवा धड आहे गो."

"डॉक्टरांना धड नि मोडका कुठे कळतोय? त्यांना नुसता हात दिसतो."

लालबागच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करताना गौतम पडला, तेव्हापासून त्याचा डावा हात खांद्यातून उचलत नव्हता. पुढे करायला गेला की वीतभर जाऊन थांबायचा. कंपनी म्हणत होती, नाटक आहे. विमावाल्यांनी तपासणीला दादरच्या या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. ते लिहून देतील त्यावर भरपाई अडलेली. त्यांच्या रांगत्या मनवाला ठेवायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती सुचित्राच्या कडेवर.

डॉक्टर अगदी गोड माणूस निघाले. "या, सगळेच आत या की."

गौतमनं हात पुढे केला. वीतभर. वरच्या ओठावर घाम आला.

"आणखी."

"नाही जात, साहेब."

"बरं, राहू द्या. झालं." डॉक्टर मनवाकडे वळले. "काय गोड पोर आहे! बसवा तिला इथे टेबलावर. आणि तो जुना एक्स-रे द्या बघू."

सुटल्यासारखं वाटून सुचित्रानं मनवाला तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि ती पिशवीत वाकली. वर किल्ल्या खुळखुळल्या. मनवा खिदळत रांगली. खुळखुळ जरा मागे सरकली, आणखी जरा मागे.

मग गौतमची किंकाळी.

सुचित्रानं वर पाहिलं, तर मनवा त्याच्या छातीशी होती. दोन्ही हातांनी झेललेली. त्याचा चेहरा पांढराफटक, डावा हात आता ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. डॉक्टर टेबलाच्या कडेलाच उभे होते, त्याच्यापेक्षा जवळ. त्यांचा एक हात खिशात किल्ल्या ठेवत होता. दुसऱ्यात पेन होतं.

"जातो की हात," ते म्हणाले.

सुचित्रानं मनवाला ओढून घेतलं. "ही तपासणी? याला काही नियम?"

"नियम असा काही नाही, ताई. ज्याची त्याची पद्धत असते."

"आणि तो ओरडला ते?"

"मला दिसतं ते मी लिहितो. निःपक्ष. उद्या कंपनी म्हणाली म्हणूनही बदलणार नाही."

जिना उतरून दोघं खाली आली. बाजूला फुलवाल्या बाईनं टोपलीवर पाणी मारलं, त्याचे थेंब गौतमच्या चपलेवर उडाले. तो तिथेच बघत राहिला.

"सोडायला हवी होती काय गो मी तिला?"

तो खरंच विचारत होता. हिशोब चुकलेल्या माणसासारखा, खालच्या आवाजात. सुचित्राचे कान तापले. या माणसाला वर नेलं तेव्हा त्याचा नुसता खांदा मोडलेला होता.

"मनवाची टोपी राहिली वर," ती म्हणाली.

टोपी मनवाच्या डोक्यावर होती. गौतमनं ती पाहिली आणि बाजूला सरकून तिला जिन्याची वाट दिली.

वर डॉक्टर तपासणीच्या टेबलापाशी उभे राहून एकटेच चहा पीत होते. बशीत बिस्किट. सुचित्रानं आत जाऊन मनवाला त्याच टेबलावर बसवलं आणि स्वतः मागे झाली. एक तळवा मात्र तिनं टेबलाच्या कडेखाली धरून ठेवला, त्यांना दिसणार नाही असा.

"आता काय राहिलं?"

मनवाला बिस्किट दिसलं. ती रांगत निघाली.

"अहो, धरा तिला! ताई!"

सुचित्रा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मनवाचा पुढचा हात हवेत गेला. कप खळ्ळकन फुटला, चहा पांढऱ्या शर्टावर सांडला, आणि मनवा त्यांच्या दोन्ही हातांत हसत होती.

डॉक्टरांना धाप लागली होती. सुचित्रानं कडेखालचा तळवा काढला, लेकीला त्यांच्याकडून घेतलं, तिची टोपी सारखी केली.

"हेही लिहा," ती म्हणाली.

खाली गौतम तिथेच उभा होता. चहाचे दोन थेंब मनवाच्या झबल्यावर होते. त्याची नजर त्यांवर गेली, मग सुचित्राच्या तोंडावर. त्यानं उजवा हात पुढे केला.

"दे."

तिनं दिली. आणि त्याच्या डाव्या बाजूला होऊन, गर्दीचा धक्का लागू नये अशी, चालू लागली.