झाकणाखालचं मीठ

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. पत्र्याचा, चौकोनी. माझ्यावर मोराचं चित्र होतं. आता मोराचे पाय तेवढे उरले आहेत. मित्रांनो, झाकण उघडलं की मला दिसतं. झाकण लागलं की फक्त ऐकू येतं. म्हणून माझी गोष्ट तुटक आहे. जोडून घ्या.

झाकण उघडलं.

कारखान्यात यंत्राने मला दाबलं, वाकवलं, रंगवलं. एका दिवाळीला मी लासुर्णे गावात एका घरी आलो. बिस्किटं संपली, पण "डबा ग्वाड हाय" म्हणून मला कोणी टाकलं नाही. पुढे माझ्यात सुया-दोरे राहिले. इथपर्यंत माझं आयुष्य इतर डब्यांसारखंच.

१९९७ च्या फेब्रुवारीत घरच्या सुनेने, दिपालीने, मला घासलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात तिच्या आठ महिन्यांच्या ऋषिराजचं सामान ठेवलं. त्याचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. छातीत चिकट कफ साठायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचा घाम तपासून आजाराचं नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. ते घरात कोणाला म्हणता येईना. सगळे 'पुण्याचं दुखणं' म्हणू लागले.

माझ्या पोटात पचनाच्या कॅप्सूल होत्या. त्या उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरातून भरवायचे. जीवनसत्त्वाचे थेंब होते. पाठ-छाती थोपटताना अंगाखाली घ्यायचा मऊ रुमाल होता. शिवाय मिठाची बाटली आणि एक चिमुकला चमचा. त्याच्या घामातून मीठ फार जायचं. उन्हाळ्यात ते भरून काढणं चुकवायचंच नव्हतं.

झाकण लागलं.

दिपालीचा आवाज. "आत्या, मी खुरपायला गेले की दुपारचं तेवढं मिठाचं तुमी करा. एक चमचा. डॉक्टरांनी सांगितलंय, खाडा नको."

तिच्या सासूचा, प्रयागबाईंचा आवाज. "पुण्याचा डॉक्टर हे मानतोय व्हय? शाना हाय म्हणायचा!"

"मानतोय म्हंजी? त्यांनीच चमचा दिलाय."

"मग मी न्हाय चुकवायची."

झाकण उघडलं.

दुपार. प्रयागबाईंनी चमचाभर मीठ मुठीत घेतलं. झोळीतल्या बाळावरून तीनदा उतरवलं. "आल्यागेल्याची, भल्याबुऱ्याची." मूठ चुलीत रिकामी केली. मीठ तडतडलं.

"बघा माझ्या राजाला किती दिष्ट लागली हुती," त्या म्हणाल्या.

असं रोज. बाटलीतलं मीठ हिशेबात, चमच्या-चमच्याने कमी होत गेलं.

संध्याकाळी दिपाली विचारायची, "आत्या, मिठाचं केलं?"

"केलं की."

दिपाली बाटली उजेडात धरून पाहायची. मीठ खाली गेलेलं असायचं. तिचं समाधान व्हायचं. मला माहीत होतं. मी सांगणारच होतो की

झाकण लागलं.

एप्रिल. माझा पत्रा हात लावू देत नव्हता. बाहेर कोणीतरी पळत होतं. ऋषिराजने दूध सोडलंय, मान टाकलीय, एवढं ऐकू आलं. शेजारच्या तात्याबाने जीप काढली. बारामतीपर्यंत दिपालीच्या मांडीवर एका बाजूला तो, एका बाजूला मी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं.

"मीठ रोज पाजत होता?"

"रोज," दिपाली म्हणाली. "बाटली बघा की."

"पाजायचं कशाला, बाई?" प्रयागबाई म्हणाल्या. "मीठ उतरून टाकत्यात. एक दिस खाडा केला न्हाय मी."

 सलाइन थेंब थेंब जात होतं. दिपालीने चमचा पदराने पुसला. तो स्वच्छच होता. तिने परत पुसला.

पाचव्या दिवशी ऋषिराज घरी आला. मीही आलो.

आता भांडण होईल असं मला वाटलं. झालं नाही. दोघी एका चुलीपुढे बसायच्या आणि दिवसभरात एवढंच बोलायच्या.

"पाजलं?"

"पाजलं."

झाकण लागलं. झाकण उघडलं. दोन वर्षं गेली. मीठ पत्र्याला खातं. माझा तळ गंजला. मला काही वाटलं नाही. मी पत्रा आहे.

परवा दिपाली रानातून आली. तिने 'पाजलं?' विचारण्याआधीच ऋषिराज दारात गेला. बारीक आहे, खोकतो, पण चालतो. त्याने वाटी उलटी करून दाखवली.

"आज्जीनं पाजलं. खारट!"

दिपालीने वाटी घेतली. चुलीपुढे बसली.

"आत्या," ती म्हणाली, "च्या टाकू?"

"टाक की," प्रयागबाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. पण कोणाच्या हाती काही सोपवाल तेव्हा अर्धं वाक्य सोपवू नका. 'मिठाचं करा' नव्हे. 'मीठ पाण्यात विरघळवून पाजा.' मी सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो, कारण मी डबा आहे. तुम्हाला तोंड आहे. त्याला झाकण नाही.