व्हर्नाची शिफ्ट

पक्षाघातानंतर माझ्या बायकोचा, व्हर्नाचा, एकच हात चालायचा. दवाखान्यातल्या बाईंनी कीबोर्ड असा लावून दिला होता की शिफ्ट दाबून सोडली तरी पुढचं इंग्रजी अक्षर मोठं, कॅपिटल येई. पण त्या सोयीमुळे शिफ्ट दाबली की होणारी टुकटुक मला खपत नसे. बर्फावर खेळायच्या कर्लिंगच्या क्लबची पत्रं लिहायला बसलो की मी ती सोय बंद करायचो आणि तिला सांगायचो नाही.

“सख्ख्या बहिणीचं नाव लहान अक्षरात? प्यायलीस की काय?” मी चिडवायचो.

“हो, तुझ्या वाटची,” ती म्हणायची.

व्हर्नाच्या अंत्यविधीनंतर तिची बहीण लोइस व्हर्नानं तिला पाठवलेले ईमेल छापून घेऊन आली. एकात होतं, ‘शिफ्ट दाबते, पण लागत नाही. आता डोकंही जातंय बहुतेक. ऑर्व्हिलला सांगू नकोस.’

“कीबोर्ड बिघडला होता का रे, ऑर्व्हिल?” लोइसनं विचारलं.

“जुना झाला होता,” मी म्हणालो.