कोराच राहिलेला तिसरा भाग

मी तिसरा भाग बोलतोय. कशाचा, ते सांगतो.

टीव्हीवर परीकथेची एक मालिका लागायची. राजकन्या पुलावर दगड होऊन उभी राहिली आणि नेमकी तिथंच मालिका बंद पडली. लोक भडकले, तेव्हा पुढची गोष्ट चित्रांच्या पुस्तकांतून सांगायचं ठरलं. आम्हाला कुणी मालिकेचं शेपूट म्हणतात. म्हणोत बापडे! माझं एकेक पान रंगवताना चित्रकार बाईंची मान अवघडून जायची, ते त्यांना कुठं ठाऊक?

मी ज्या घरात आलो, तिथं नोकरीला लागलेला एक दादा होता आणि त्याची शाळकरी, शेंडेफळ बहीण. माझे दोन्ही थोरले भाग तिथं आधीच होते, हाताळून हाताळून मऊ पडलेले; त्यांत राजकन्या अजून दगडच होती. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. बहीणभावांचा नियम होता, नवा भाग एकट्यानं उघडायचा नाही. पलंगावर दोघांच्या मध्ये उशी, उशीवर पुस्तक. गोष्टीतल्या लांडगिणीचे संवाद तिचे, बाकी सगळ्यांचे दादाचे. ती अशी काही गुरगुरायची की आई आतून ओरडायची, "अगं, हळू! शेजारी घर सोडून पळतील!"

मला विकत घेतलं तेव्हा बहीण दवाखान्यात होती. दादा मला प्लॅस्टिकच्या वेष्टणासकट तिच्याकडे घेऊन गेला.

"आणलास? फोड ना, दादा!"

"अंहं. घरी चल, मग फोडू."

"बरं, राजकन्या सुटते का, एवढं तरी बघ."

"लबाड! आधी बरी हो."

गोष्ट अडवून धरली की पोरगी बरी व्हायची घाई करेल, असं त्याला वाटलं. वेडी माया, दुसरं काय! रोज तो मला न्यायचा. रोज ती नखानं वेष्टणाचा कोपरा उचकटायला बघायची आणि तो हसत मला काढून घ्यायचा. पुढं पुढं तिनं मागणंच सोडलं. नुसती माझ्याकडे बघत पडून राहायची.

ती घरी आलीच नाही.

आता मी फळीवर आहे. आई येताजाता मला पुसते. परवा ती म्हणाली, "वाच रे राजा. तिच्यासाठी म्हणून तरी."

"नको गं आई. एकट्यानं कसं उघडू?" एवढंच बोलून तो भिंतीकडे तोंड करून रडला.

कोऱ्या पुस्तकाचं लोकांना कौतुक असतं. मला माझ्या कोरेपणाची लाज वाटते. ती विचारत होती, उत्तर माझ्या पोटात होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. काळीज तुटतं माझं.

दादा, तुला बोल लावत नाही मी. पण आता तरी मला फोड आणि मोठ्यानं वाच. तिला उत्तर मिळायला फार वेळ लागला नसता रे. राजकन्या पहिल्याच पानावर सुटते.