ठिपकेवालीची नोंद

मेलेल्या पक्ष्यांत कापूस भरण्यात चौतीस वर्षं गेली, म्हणून निवृत्तीनंतरही संग्रहालयात सगळे त्यांना कापूसकाकाच म्हणत. त्या दुपारी ते सहज डोकावले आणि साहेबांच्या जुन्या विद्यार्थिनीच्या खुर्चीमागे उभे राहिले. साहेब वारून दोन वर्षं झाली होती. त्यांची प्रयोगशाळा आता तीच बघायची.

"काका, ही तुमची ठिपकेवाली पाणकोंबडी," पडद्यावरच्या अक्षरांच्या रांगांवर बोट फिरवत ती म्हणाली. "साहेबांनी हिची जनुकं, प्रथिनं सगळी जगभरच्या सामायिक नोंदवहीत खुली करून ठेवली. ती साध्या पाणकोंबडीशी तंतोतंत जुळतात. म्हणजे वेगळी जात नाहीच. म्हणून पुढच्या महिन्यात तिचं तळं बुजवतायत."

"इथे मादी का लिहिलंय?"

"जनुकांवरूनच कळतं ते."

ठिपकेवालीचं पोट काकांनीच उघडलं होतं. तो नर होता. मादी होती शेजारच्या ताटलीतली साधी. म्हणजे यकृताचे तुकडे दोन बाटल्यांत घालताना चिठ्ठ्या त्यांच्याच हातून उलट्यासुलट्या लागल्या होत्या.

त्यांनी ते अडखळत सांगितलं. मग म्हणाले, "दुसरी बाटली काढ की, पोरी. खरी ठिपकेवाली तिच्यात आहे."

"साधी म्हणून लिहिलेली? ती कोण जपून ठेवतंय, काका? फ्रीजरमध्ये जागा नव्हती, टाकून दिली."

"ठिपकेवालीचं कातडं असेल."

"कीड लागली म्हणून तुम्हीच जाळायला लावलंत ना ते."

लावलं होतं खरं. आणि नवा पक्षी धरायचा तर परवानगीलाच वर्ष जाणार.

"मग नोंद तरी खोड. चूक माझी, मी लिहून देतो."

"ज्यानं भरली तोच खोडू शकतो. साहेब."

तरी तिनं तक्रारीचा अर्ज उघडला. 'नोंदीशी आपला संबंध' असा रकाना होता. नोंदीवर चार नावं होती, त्यांत काकांचं नव्हतं. तिनं खाली मान घालून 'इतर वाचक' निवडलं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "चष्मा आहेच मला."

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. तिनं उत्तर वाचून दाखवलं: आभारी आहोत. आपली शंका मूळ नोंदकर्त्यांना कळवली आहे. त्यांचा होकार येताच दुरुस्ती करू. तोवर नोंद आहे तशी राहील.

"साहेब नाहीत, हे सांगितलंस ना?"

"सांगितलं. परत हेच आलं, आपोआप. तळ्याच्या समितीलाही भेटले. ते म्हणतात, तोंडी नको, नोंद दाखवा."

काकांनी फोन ठेवला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"साहेबांना विचारलंय म्हणे."

"तुमच्या साहेबांना? ते जिवंत असताना तरी कधी पत्राला उत्तर द्यायचे?"

काका हसले नाहीत. उठून त्यांनी चपला घातल्या आणि तळ्याकडे निघाले. तिथे जाऊन करायचं काय, हे बायकोनं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.